दीड सूत

आवाज त्याच्या ओळखीचा होता. दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्याकडे वळताना, डाव्या हातात भाजीची पिशवी, उजवा पाय वरच्या पायरीवर, आणि त्या पायावर भार टाकला त्याच क्षणी आवाज आला. कोरड्या हाडावर कोरडं हाड घासल्याचा. चौतीस वर्षं त्याने तो रोज ऐकला होता. पेटीतून मांडीचं हाड उचललं की खालची हाडं अशीच कुरकुरायची. पण ती पेटीत कुरकुरायची, टेबलावर कुरकुरायची. आज आवाज त्याच्या पँटच्या आतून आला. आधी त्याने मागे वळून पाहिलं, कोणी जड सामान ओढत आणतंय की काय. मग पाय सरळ करायला गेला तर गुडघा होता तिथेच अडकलेला. पुढे नाही, मागे नाही. पिशवी पायरीवर ठेवून त्याने भिंतीला हात टेकला आणि एका पायावर उभ्या असलेल्या बगळ्यासारखा तो तिथे थांबून राहिला. वरून शिंपी उतरत होता. "काय मामा, दम खाताय?" त्याने विचारलं. "हो, जरा," तो म्हणाला, आणि शिंपी खाली जाईपर्यंत चेहरा सरळ ठेवून उभा राहिला. इतकी कळ आली होती की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातून त्याला भिंत दिसली. पिवळ्या रंगावर, कमरेच्या जरा वर, एक काळपट तुळतुळीत पट्टा खालून वर गेला होता. पोरांनी हात घासत नेले असतील, असं त्याला आधी वाटलं. पण पोरांचे हात असे एकाच रेषेत जात नाहीत, आणि त्याचा स्वतःचा तळवा आता त्या पट्ट्याच्या चांगला वीतभर वर टेकलेला होता. वळणावर, जिथे कठडा संपतो आणि धरायला काही उरत नाही, तिथे तर रंग पार उडून आतला गिलावा उघडा पडला होता, आणि त्या गिलाव्याला बोटांच्या जागी चार उथळ खड्डे पडले होते. त्याने आपली बोटं त्यांत ठेवून पाहिली. बसली नाहीत. ते खड्डे लहान हाताच्या बोटांचे होते.

त्याची बायको जिना उलटी उतरायची. शिडीवरून उतरतात तशी, तोंड पायऱ्यांकडे, पाठ रस्त्याकडे, एक हात कठड्यावर आणि एक भिंतीवर. सुरुवातीला तो चिडायचा. "सरळ उतर की. लोक हसतात." ती म्हणायची, "हसू देत. त्यांचे दात दिसतात, माझा पाय वाचतो." पुढे त्याने बोलणं सोडलं, आणि मग पाहणंही. तो पुढे उतरून फाटकाशी थांबायचा, ती आली की दोघं चालायला लागायची. ती आणि फाटक यांच्यामध्ये चोपन्न पायऱ्या आहेत हे त्याला माहीत होतं, पण ते असं, जसं आपल्याला आपल्या घराचा पत्ता माहीत असतो.

तो मेडिकल कॉलेजात हाडांच्या खोलीत कामाला होता. खोली तळघरात होती, तिला जमिनीलगत दोन खिडक्या, आणि त्या खिडक्यांतून विद्यार्थ्यांचे फक्त पाय दिसायचे. कापून झालेले, शिकून झालेले देह वरून खाली त्याच्याकडे यायचे. ते महिनोन्महिने पाण्याच्या टाकीत ठेवायचे, मग धुण्याचा सोडा घालून मंद आचेवर उकळायचे. खळखळून उकळी आली तर हाड ठिसूळ होतं, म्हणून हंड्यापाशी बसून राहावं लागे. मग बोथट सुरीने खरवडायचं. मांस सुटून येई, पातळ कातडी सुटून येई, आणि सगळ्यात शेवटी सांध्याच्या टोकांवर जे पांढरं, गुळगुळीत, निसरडं असे ते काढायचं. खोलीत त्याला साय म्हणत. उकळल्यावर ती दुधाच्या सायीसारखीच फुगे, आणि सुरीचं पातं नेमक्या कोनात धरलं तर एका दमात निघून येई. ती राहिली तर हाड पिवळं पडतं, वास मारतं. त्याच्याइतकी स्वच्छ साय कोणाला काढता येत नसे. "मामाचं हाड म्हणजे संगमरवर," मोठे सर म्हणायचे. साय बादलीत पडायची, बादली मोरीत जायची. मग हाडं गच्चीवर उन्हात वाळत घालायची, भोकं पाडायची, पितळी तारेने ओवायची. बरगड्या पुढे छातीच्या हाडाला जिथे मिळतात तिथे चामड्याच्या पट्ट्या, मणक्यांच्या मध्ये नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या. गुडघ्यात काही घालायचं नाही, फक्त अंतर ठेवायचं. मोठ्या सरांनी पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं, "गुडघ्यात दीड सूत सोडायचं. चिकटवायचं नाही." त्यासाठी त्याने लाकडाची एक पट्टी पॉलिश कागदावर घासून बरोबर दीड सुताची, म्हणजे पाव इंचाला थोडी कमी, केली होती. दोन हाडांमध्ये ती सरकवायची, तार आवळायची, पट्टी काढून घ्यायची. दीड सूत का, हे त्याने कधी विचारलं नाही. त्याच्या मनात त्याचं उत्तर तयार होतं: तारेने ओवलेला सांगाडा शेवटी माणसाने केलेला, त्यात फट राहणारच. जिवंत माणसात हाडाला हाड असं बसत असेल, की मधून कागद जायचा नाही.

चाळीतले लोक त्याच्याकडे एक्स-रेची फिल्म घेऊन यायचे. डॉक्टरकडून आले की आधी मामांना दाखवायचं. तो खिडकीशी उभा राहून फिल्म उजेडात धरायचा, डोळे बारीक करायचा, आणि बोटाने दाखवत हाडांची नावं सांगायचा. शिंप्याच्या आईचं मोडलेलं खुब्याचं हाड डॉक्टरांच्या आधी त्याने ओळखलं होतं. तेव्हापासून त्याचा शब्द म्हणजे शब्द होता. एकोणीस वर्षांपूर्वी बायकोने स्वतःची फिल्म आणली, तेव्हा ती औषधांच्या कारखान्यात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम करत होती. दिवसभर उभ्याने. रजा टाकून एकटीच जाऊन फोटो काढून आली होती, आणि डॉक्टरची चिठ्ठी उघडायच्या आधी तिने फिल्म त्याच्या हातात दिली. ते त्याला अजून आठवत होतं, कारण त्या वेळी त्याला बरं वाटलं होतं. त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीत फिल्म धरली. गुडघ्याची हाडं पांढरीशुभ्र, कड कुठे तुटलेली नाही, चीर नाही, आणि वरचं हाड खालच्यावर असं टेकलेलं, की मध्ये रेघसुद्धा नाही. त्याला खरोखर कौतुक वाटलं. "बघ," तो म्हणाला, "सांधा कसा बसलाय. जन्मात मला असा बसवता आला नाही. अगं, हाडं ठणठणीत आहेत तुझी."

"मग दुखतंय कशाने?" तिने विचारलं.

"हाडं तर सांगत नाहीत," तो म्हणाला. "डोक्यात असेल."

डॉक्टरची चिठ्ठी कुठे गेली ते त्याने विचारलं नाही. त्याच आठवड्यात खिडकीची खालची काच फुटली. नवी काच येईपर्यंत म्हणून त्याने ती फिल्म कापून, चार चुका ठोकून तिथे बसवली. "नाहीतरी बिनकामाची आहे." नवी काच आलीच नाही. एकोणीस वर्षं ती फिल्म तिथे होती. कडा पिवळ्या पडल्या, तेलाच्या वाफेने चिकट झाल्या, पण सकाळचं ऊन मागून आलं की त्यात गुडघा दिसायचा, आणि बायको त्याच्यासमोर उभी राहून कणीक मळायची, भांडी विसळायची. घरी कोणी आलं की तो विनोद करायचा. "हिच्या गुडघ्याला कामाचा वास येतो. पाहुणे जिन्यात आले की तो वर दुखायला लागतो." लोक हसायचे. तीही हसायची. तोंड भांड्यांकडे असल्यामुळे, ती कशी हसायची हे त्याने पाहिलेलं नव्हतं.

जिन्यात गुडघा अडकला तो चार-पाच मिनिटांनी आपोआप सुटला. घरी त्याने काही सांगितलं नाही. चार दिवस तो कामं टाळत राहिला, आणि पाचव्या दिवशी "पेन्शनच्या कागदाचं बघून येतो" म्हणून कॉलेजच्या दवाखान्यात गेला. रांगेत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की गुडघा दुखतोय हे शब्द अजून त्याने तोंडाने उच्चारलेले नाहीत. केसपेपर लिहिणाऱ्या मुलीने "काय होतंय?" म्हणून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गुडघ्यात आवाज येतो." ती म्हणाली, "दुखतं का?" तो म्हणाला, "आवाज येतो."

आत डॉक्टरीण होती. त्याला पाहून ती खुर्चीतून उठलीच. "मामा! ओळखलंत का?"

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "वाटाणा," तो म्हणाला.

ती मोठ्याने हसली. विद्यार्थिनी असताना तिने त्याच्याकडून हाताच्या हाडांची पेटी नेली होती, आणि परत केली तेव्हा मनगटातलं वाटाण्याएवढं हाड त्यात नव्हतं. "दोन तास रांगायला लावलं होतं तुम्ही मला त्या तळघरात," ती म्हणाली. "आणि शेवटी सापडलं कुठे?"

"माझ्या एप्रनच्या खिशात."

"आणि तुम्ही काय म्हणालात? 'सापडलं ना, झालं तर मग.'"

"झालंच होतं की," तो म्हणाला.

तिने फोटो काढायला पाठवलं, आणि फिल्म आल्यावर ती उजेडाच्या काचेवर लावली. तो सवयीने खुर्चीवरून उठून पुढे गेला. स्वतःचं हाड तो पहिल्यांदाच पाहत होता. चांगलं होतं. सरळ, भरलेलं, कड शाबूत. "हाडं ठणठणीत आहेत," तो म्हणाला.

"हाडं आहेतच," ती म्हणाली. "ही फट बघा."

"फट कुठाय? घट्ट बसलंय."

तिने पेनाचं टोपण काढलं. मग पेनाच्या टोपणाने तिने त्याच्या गुडघ्याची बाहेरची बाजू दाखवली. "इथे थोडी काळी जागा दिसतेय ना? अशी ती सगळीकडे हवी. ती रिकामी नसते, मामा. तिथे कूर्चा असते. फोटोत ती दिसत नाही, म्हणून जागा रिकामी वाटते. फट दिसली की समजायचं, कूर्चा आहे. आतल्या बाजूला बघा, हाड हाडावर बसलंय. घट्ट बसलंय म्हणजेच गेलंय."

"कूर्चा म्हणजे," तो म्हणाला, "टोकांवरची. पांढरी. आम्ही साय म्हणायचो तिला."

"तीच."

तो खुर्चीत बसला. त्याला हंडा दिसला, सुरीचं पातं दिसलं, आणि बादली. चौतीस वर्षांत किती बादल्या. एकाही हाडावर त्याने ती राहू दिली नव्हती. "पुन्हा येते का ती?" त्याने विचारलं.

"नाही. हाड मोडलं तर जुळतं, त्याला रक्त असतं. हिला रक्त नाही, नस नाही. झिजताना ही बोलत नाही. संपते, आणि मग हाडं ओरडायला लागतात." ती लिहायला लागली. "पण तुमचं काळजीचं कारण नाही. वयाच्या मानाने हृदय चांगलं आहे, साखर नाही. सांधा बदलून टाकू. तीन महिन्यांत जिना चढाल." लिहितालिहिताच तिने विचारलं, "मामींचं कुठे केलंत? इथे नाही ना झालं?"

"काय?"

"ऑपरेशन."

"कसलं ऑपरेशन?"

तिचं पेन थांबलं. आपण काय बोलून बसलो ते तिला कळलं, आणि ते कळलेलं त्यालाही दिसलं. "आल्या होत्या एकदा माझ्याकडे," ती हळू म्हणाली. "तुमच्या निवृत्तीच्या आसपास, अकरा वर्षं झाली. तुमची मुलगी बरोबर होती. मी दोन्ही गुडघे करायला सांगितलं होतं. घरी विचारून येते म्हणाल्या."

"आता होईल का तिचं?"

"कशा आहेत त्या?"

गेल्या वर्षी हृदयाचा झटका येऊन गेल्याचं त्याने सांगितलं. औषधांची नावं त्याला येत नव्हती, गोळ्यांचे रंग सांगितले. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मग आता कोणी भूल द्यायचं नाही, मामा. तेव्हा होऊन गेलं असतं तर."

घरी जाताना त्याने बस दोन थांबे आधीच सोडली. चालायचं होतं म्हणून नव्हे. घर लवकर येत होतं म्हणून. दर पावलाला गुडघा बोलत होता आणि तो मनात वाक्य जुळवत होता. साधंच वाक्य होतं. माझं चुकलं. त्याने ते आयुष्यात कोणाला म्हटल्याचं त्याला आठवेना. मोठ्या सरांना एकदा म्हटलं असेल, पण ते नोकरीतलं. वाटाण्याला म्हणायचं राहिलं. ती पोरगी दोन तास गुडघ्यांवर रांगत होती, आणि हाड खिशात लागलं तेव्हा त्याने नुसतं 'झालं तर मग' म्हणून सोडून दिलं. आज म्हणायचं, असं त्याने ठरवलं. दार उघडलं की म्हणायचं, चप्पल काढायच्या आधी. नंतर पाणी येतं, चहा येतो, आणि मग राहून जातं. जिन्यापाशी आल्यावर त्याने भिंतीवरच्या पट्ट्यावर हात टेकला. पट्टा खाली होता, त्याला वाकून चढावं लागलं. चोपन्न पायऱ्या त्याने पहिल्यांदा मोजल्या, आणि छत्तिसाव्या पायरीवर बसला. एकोणीस वर्षं, दिवसातून दोनदा तरी. गुणाकार करायला लागला आणि मध्येच सोडून दिला.

बायको ओट्याशी उंच स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. तिने त्याच्या पायाकडे पाहिलं, मग हातातल्या मोठ्या पिवळ्या पाकिटाकडे. पेन्शनचा कागद तेवढा मोठा नसतो.

"कुठला?" तिने विचारलं.

"उजवा."

"चढताना चांगला पाय आधी टाकायचा," ती म्हणाली, "उतरताना दुखरा. आणि कठडा संपतो तिथे गडबड करायची नाही. तिथे मी खड्डे केलेत, धरायला."

"पाहिले," तो म्हणाला. चप्पल अजून पायात होती. "तू डॉक्टरकडे गेली होतीस. अकरा वर्षांपूर्वी."

शेंग सोलणारी बोटं क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली. "वाटाणा बोलली वाटतं. चांगली मुलगी आहे, पण तोंडाची फाटकी."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. कागद पर्समध्ये होता. तुमच्या निरोपाच्या समारंभाला तीच पर्स होती बरोबर." ती टरफलं बाजूला करत होती. "तुम्हाला शाल दिली, मग बोला म्हणाले. तुम्ही म्हणालात, चौतीस वर्षं हाडांत काढली, माणसाचं हाड कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो फक्त आमच्या हिचा गुडघा. दीडशे माणसं हसली. तुमचे मोठे सर तर डोळे पुसत होते. मग मी म्हटलं, आता ह्यांना कागद दाखवायचा, म्हणजे त्या दीडशे माणसांना परत बोलवायला हवं."

"मुलगीसुद्धा बोलली नाही."

"तिला मी शपथ घातली. म्हटलं, बापाची अब्रू हाडांवर उभी आहे, राहू दे."

त्याने पिशवीसारखं ते पाकीट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. बाहेर ऊन खिडकीवर आलं होतं, आणि फुटक्या काचेच्या जागी तो गुडघा उजळला होता, तेलकट, पिवळा, रोजच्यासारखा. तो जवळ गेला. आता त्याला दिसत होतं. आता फक्त तेवढंच दिसत होतं. वरचं हाड, खालचं हाड, आणि दोन्हींच्या मध्ये काही नाही; काही नाही म्हणजे फटसुद्धा नाही. तिच्या वयाच्या पन्नाशीच्या आतलं हाड होतं ते. त्याच्या पाकिटातल्या फिल्ममध्ये बाहेरच्या बाजूला निदान थोडीशी काळी जागा होती. इथे तेवढीही नव्हती.

"अगं," तो म्हणाला.

"नका," ती म्हणाली.

"मी काय म्हणतो ते तरी..."

"माहीत आहे काय म्हणणार आहात ते. तोंडावर लिहिलंय. पण नका म्हणू. तुम्ही ते म्हटलंत की मला 'असू दे' म्हणावं लागेल. म्हणतातच बायका तसं, आणि तोंडातून निघूनही जातं. मला ते म्हणायचं नाहीये." तिने शेंगांचं ताट पुढे सरकवलं. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बोलता आलं असतं. "तुमचं होणार आहे ना ऑपरेशन?"

"होईल म्हणते. पण मी नाही करणार."

"का? माझ्या जोडीला लंगडणार? वा. म्हणजे भाजी कोण आणणार? करून घ्या. तुम्हाला पाठुंगळी घेऊन तीन मजले मला जमायचं नाही."

मग काहीतरी करायला हवं म्हणून कपाटाखालची अवजारांची पेटी त्याने पायाने ओढून बाहेर घेतली, कारण खाली बसता येत नव्हतं, मग कमरेतून वाकून उचलली आणि ओट्यावर ठेवून पक्कड शोधू लागला. पकडीखाली ती लाकडी पट्टी होती. घामाने काळी पडलेली, दीड सुताची. निवृत्तीच्या दिवशी त्याने ती आणली होती, मुलाने बापाचं घड्याळ आणावं तशी. त्याने ती खिडकीतल्या गुडघ्यावर, दोन हाडांच्या मध्ये आडवी धरली. पट्टीने अर्धं वरचं हाड झाकलं आणि अर्धं खालचं. तिला तिथे जागाच नव्हती.

त्याने पट्टी खाली ठेवली, पक्कड घेतली आणि डावीकडची वरची चूक पकडीत धरली. ती गंजली होती, पण हलली. फिल्मचा कोपरा सुटला आणि फडफडला.

"काढताय कशाला?" बायकोने विचारलं.

"नवी काच बसवतो."

"आता?" ती म्हणाली. तिने पदर गुडघ्यावरून खाली ओढून घेतला. "राहू द्या. ती काढली की वारं आत येतं, आणि मग रात्रभर माझे गुडघे धरून राहतात."

त्याने फिल्मचा कोपरा पुन्हा जागेवर दाबला, आणि पकडीच्या मागच्या बाजूने चूक परत ठोकली. जुनं भोक सैल झालं होतं, म्हणून दोनदा ठोकावी लागली.